चेन्नईचा वसंत: थंडीविना येतो, पण येतो!

चेन्नईत तीनच ऋतू असतात, असं म्हणतात: उन्हाळा, कडक उन्हाळा आणि भाजून काढणारा उन्हाळा. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाला हे वाक्य पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ऐकवतं. ते खरं मानून तो फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांकडे बघायचंच सोडून देतो. मोठं नुकसान! कारण या शहरात वसंत येतो, चांगला वाजतगाजत येतो. फक्त तो थंडीच्या पाठीवर बसून येत नाही. इथे जानेवारीतही रात्रीचा पारा विशीच्या आसपासच असतो. गारठा ओसरल्याची खूण कुठून मिळणार? ती झाडांच्या शेंड्यांवर, तळ्याकाठच्या चिखलात आणि पक्ष्यांच्या पिसांत शोधायची.

आधी पावसाचं गणित. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो, चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षभरात साधारण १,४०० मिलिमीटर पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक या तीन महिन्यांत. म्हणजे देशावर फेब्रुवारीत ओढे आटू लागतात, तेव्हा इथली तळी नुकतीच भरलेली असतात आणि मुळांना खोलवर ओल मिळत असते. वर ऊन चढतंय, खाली पाणी आहे. पालवीला आणखी काय हवं!

करंजाची घाई

पहिली वर्दी देशी बदाम देतो. त्याची थोराड पानं जानेवारी-फेब्रुवारीत लालभडक होतात आणि टपाटप गळतात. पण खरा नायक करंज. अड्यार, मैलापूर, बेसंट नगर, कुठल्याही गल्लीत जा, फुटपाथवर करंज आहेच. तमिळमध्ये त्याला पुंगै म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची जुनी, पांढुरके चट्टे पडलेली पानं झडतात आणि बघता बघता सगळं झाड कोवळ्या पोपटी पानांनी लकाकू लागतं. पानगळ आणि पालवी एकाच फांदीवर! त्यामागोमाग फिकट जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा सडा. सकाळी झाडूवाल्या बाई येण्याआधी त्या गल्लीतून चालून घ्यावं.

पिंपळ, आंबा यांची नवी पानं मात्र आधी तांबूस येतात. हा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं तयार झालेलं नसतं, आणि तोवर तीव्र उन्हापासून पान वाचवण्याचं काम हा लाल रंग करतो, असं मानलं जातं. शिवाय हरितद्रव्य उशिरा भरल्यामुळे किड्यांनी पान कुरतडलंच, तरी झाडाचं नुकसान कमी.

पण थंडी-गरमीचा मोठा फरक नसताना झाडाला वेळ कळते कशी? चेन्नई १३ अंश उत्तरेला. इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत छोटा दिवस यांत जेमतेम दीड तासाचं अंतर. आपल्याला ते जाणवतही नाही. उष्ण प्रदेशातल्या वृक्षांचे अभ्यास सांगतात की अनेक झाडं हा किंचित वाढणारा दिवससुद्धा ओळखतात आणि पाऊस नसताना, भर कोरड्या दिवसांत, पालवी काढतात. मला हे सगळ्या वसंतखुणांतलं सर्वांत थक्क करणारं वाटतं. माणसाला घड्याळ लागतं, करंजाला लागत नाही.

आणि पंचांग? तमिळ पंचांगातला वसंत चित्तिरै-वैगासी महिन्यांचा, म्हणजे १४ एप्रिलच्या सुमारास सुरू होणारा. आपल्या चैत्र-वैशाखाचा सख्खा शेजारीच. झाडं मात्र दोन महिने आधीच कामाला लागलेली असतात.

लॅटिन नावात मद्रास

शेमट, म्हणजेच मोई, हे आपल्या माळरानावरचं ओळखीचं झाड. वसंतात ते पार निष्पर्ण होतं आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना बारीक फुलांचे तुरे लोंबतात. त्याचं शास्त्रीय नाव लॅनिया कोरोमंडेलिका. कोरोमंडल म्हणजे हाच चेन्नईचा किनारा! गायबगळ्याच्या नावातही कोरोमंडल आहे. एरवी पांढराशुभ्र असणारा हा बगळा विणीच्या काळात डोक्यावर, मानेवर नारिंगी होतो. काणूक नावाच्या चिमुकल्या बदकाच्या नावातही कोरोमंडल आहे. आणि तळ्याकाठी शेपटी हलवत पळणारा पांढऱ्या भुवईचा धोबी तर थेट मोटॅसिला मॅडरसपॅटेन्सिस, म्हणजे मद्रासचाच नागरिक. हिवाळी धोबी उत्तरेला निघून जातात, हा इथेच राहतो, आणि मार्चपासून त्याची गोड शीळ ऐकू येऊ लागते.

ही नावं इथली का? युरोपीय निसर्गअभ्यासकांच्या हाती भारतातले पक्षी आधी याच बंदरातून लागले. फोर्ट सेंट जॉर्जमधला शल्यवैद्य एडवर्ड बकली याने पाठवलेल्या मद्रासच्या पक्ष्यांची वर्णनं १७१३ मध्ये जॉन रे यांच्या पक्षिग्रंथात छापली गेली. भारतीय पक्ष्यांच्या छापील इतिहासातलं हे अगदी सुरुवातीचं पान.

गिंडीतला पाहुणा निघाला कोकणात

शहराच्या पोटात राष्ट्रीय उद्यान असणं ही चैन भारतात फार थोड्या शहरांना आहे. चेन्नईचं गिंडी उद्यान अवघं २.७ चौरस किलोमीटरचं, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं. शेजारी राजभवन, दुसऱ्या बाजूला १९५९ साली याच रानाच्या जमिनीवर उभी राहिलेली आयआयटी. तिच्या आवारात आजही चितळ आणि काळवीट वसतिगृहांच्या आसपास चरताना दिसतात. हे रान शुष्क सदाहरित जातीचं. ते एकदम उघडंबोडकं होत नाही, म्हणून इथे वसंत डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर सापडतो.

तांबटाची टुक-टुक ऐका. आवाज इतका खणखणीत, पण चोच बंद! गळा फुगवून तो हा ठोका काढतो. फेब्रुवारीपासून ठोके लांबत जातात आणि शेवग्यासारख्या मऊ लाकडाच्या वाळक्या फांदीत घरट्याचं भोक कोरायला सुरुवात होते. कोकीळही गळा मोकळा करतो. त्याचा सूर चढला की नजर कावळ्यांकडे वळवा. ते काटक्या आणि तारांचे तुकडे जमवत असतात, कारण कोकिळेचं अंडं त्यांच्याच घरट्यात जायचं असतं.

आणि नवरंग! हिरवा, निळा, पिवळा, बुडाशी लाल, छोट्या शेपटीचा, पाचोळ्यात टुणटुणत किडे टिपणारा. हा पक्षी हिवाळा दक्षिण भारतात काढतो. गिंडी आणि आयआयटीची झाडी, अड्यारची थिऑसॉफिकल सोसायटीची बाग ही त्याची आवडती ठिकाणं. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो दोन सुरांची शीळ घालतो. एप्रिलमध्ये ती शीळ विरळ होत जाते. नवरंग निघालेले असतात. मध्य भारतात, हिमालयाच्या पायथ्याशी आणि सह्याद्रीच्या कुशीत ते पावसाळ्यात घरटी बांधतात. कर्नाळ्याला, फणसाडला जूनच्या तोंडावर नवरंग ओरडायला लागला की रायगडकर म्हणतात, पाऊस आला. चेन्नईच्या झाडीतून वसंतात तो उठतो, म्हणूनच तिकडे तो पावसाच्या आधी पोचतो. इथल्या मराठी माणसाने त्याला निरोप द्यायला एकदा तरी पहाटे उठावं.

थिऑसॉफिकल सोसायटीच्या बागेत गेलाच तर तिथल्या वडाखाली थांबा. सुमारे साडेचारशे वर्षांचा मानला जाणारा हा वड. त्याचं मूळ खोड १९८९ च्या वादळात कोसळलं, पण पारंब्यांची खोडं झाली आहेत आणि त्यांच्यावर नवी पालवी येतेच आहे.

तळ्यावर उलटं वेळापत्रक

रानात वसंत म्हणजे येणं, तळ्यावर वसंत म्हणजे आवराआवर. पल्लिकरणैच्या दलदलीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. इथे आयटीच्या इमारतींच्या सावलीत थापटे, तलवार बदकं आणि चिखलात चोची खुपसणारे किनारपक्षी हिवाळा काढतात. मार्चमध्ये त्यांच्याकडे दुर्बिणीतून नीट पाहा. हिवाळाभर राखाडी दिसणारा काळ्या शेपटीचा पाणटिवळा मानेवर विटकरी होऊ लागतो. सैबेरियाच्या टुंड्रात वीण करणारा एक चिमुकला तुतारी पक्षी तर पोटापर्यंत लालसर होतो. उत्तरेत अजून बर्फ आहे, पण लग्नाचे कपडे त्यांनी चेन्नईतच शिवून घेतलेत! शिवाय हजारो किलोमीटरच्या उड्डाणासाठी अंगावर चरबीही इथेच चढते. म्हणून शेवटच्या आठवड्यांत ते अक्षरशः खा-खा खात असतात, आणि म्हणूनच त्या दिवसांत फोटोसाठी त्यांना उठवणं मला अजिबात पटत नाही.

वेदांतांगल मात्र वेगळंच. चेन्नईहून सुमारे ७५ किलोमीटरवर, चेंगलपट्टू जिल्ह्यातलं हे तीसेक हेक्टरांचं गावतळं. १७९८ साली गावकऱ्यांनी जिल्हाधिकारी लायोनेल प्लेस याच्याकडून पक्ष्यांना अभय देणारा लेखी हुकूम मिळवला. गोऱ्या शिपायांच्या बंदुकांनी पक्षी उडून जातात, ही त्यांची तक्रार होती. मागणीत भूतदया होती आणि शेतीची अक्कलही होती. पक्ष्यांची विष्ठा पाण्यात पडते, पाणी नत्राने समृद्ध होतं आणि तेच पाणी भाताला जातं. खताचा खर्च वाचतो! देशातल्या सर्वांत जुन्या पक्षी अभयारण्यांत वेदांतांगलचं नाव घेतात ते यामुळे. गावात आजही फटाके टाळतात.

इथे चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचे, पाणकावळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच पाण्यातल्या झाडांवर घरटी थाटतात. पावसाने तळी भरतात, मासे वाढतात, आणि जानेवारीनंतर पाणी उतरू लागलं की मासे उथळ पाण्यात दाटीने सापडतात. नेमकी तेव्हाच पिल्लांची भूक वाढलेली असते. भिगवणला उजनीचं पाणी उतरताना पक्ष्यांची गर्दी का होते, हे ज्याने पाहिलंय त्याला हा हिशेब लगेच कळेल. फेब्रुवारी-मार्चला गेलात तर फांद्यांवर पंख फडफडवून उड्डाणाचा सराव करणारी पोरं दिसतील. गोंगाट आणि वास, दोन्हींची तयारी ठेवा.

समुद्राची वाट

रान आणि तळं झालं की बेसंट नगरचा किनारा. जानेवारी ते एप्रिल रात्री ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालतात. १९८८ पासून विद्यार्थी स्वयंसेवक नीलांकरै ते बेसंट नगर हा किनारा रात्री पायी तुडवतात, धोक्यातली अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुरतात. पिल्लं साधारण दीड महिना ते पन्नास-पंचावन्न दिवसांत निघतात. पिल्लू नर की मादी, हे वाळूचं तापमान ठरवतं: वाळू जास्त तापली तर माद्या. वेळासला कासव महोत्सवाला जाऊन आलेल्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल, पण इथे मागे महानगराचे दिवे असतात आणि पिल्लांना वाट चुकवणारेही तेच.

ताटात आणि हातगाडीवर

मार्च आला की हातगाड्यांवर विलायती चिंच दिसू लागते. ही मूळची मेक्सिकोकडची, पण इथे कोडुक्कापुळी म्हणून पार घरची झालेली. मग ताडगोळे, म्हणजे इथले नुंगू. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष आहे, त्यामुळे कोयत्याने सोलून देणारा विक्रेता कोपऱ्या-कोपऱ्यावर.

कडुनिंबाचं तर विचारूच नका. मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांचा सुगंध गल्ल्यांमध्ये भरतो. इथल्या बायका झाडाखाली कापड पसरून ती गोळा करतात, वाळवतात आणि वर्षभर त्यांचं रसम करतात. पाडव्याला आपण कडुनिंबाची पानं गुळ-हिंग-चण्याच्या डाळीबरोबर खातो. त्याच दिवशी चेन्नईतली तेलुगू घरं उगादीची पचडी करतात. आणि पुढे १४ एप्रिलला, तमिळ नववर्षाला, कैरी, गूळ, मिरची, मीठ आणि ही फुलं घालून तमिळ घरांत मांगा पचडी होते. मराठी बिऱ्हाडाने इथे तिन्ही चवी चाखाव्यात, शेजारी वाटी पाठवतातच.

एक झाड धरा

या शहराला बघणाऱ्यांची परंपरा आहे. एम. कृष्णन यांनी १९५० पासून १९९६ पर्यंत 'द स्टेट्समन'मध्ये 'कंट्री नोटबुक' हे सदर चालवलं आणि त्यात शहरी कावळ्याइतकाच हत्तीलाही मान दिला. मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटी १९७८ पासून आहे, नवख्यांनाही रानात घेऊन जाते. आणि एकट्याने करायचं असेल तर 'सीझनवॉच' हा देशभरचा उपक्रम आहे. घराजवळचं एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं किती आहेत ते नोंदवायचं. देशभरातली शाळकरी मुलं हे करतात. यादीत आंबा आहे, चिंच आहे, बहावा आहे आणि करंजही आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सुरुवात केलीत, तर पहिल्या महिन्यातच पानगळ आणि पालवी दोन्ही नोंदवायला मिळतील.