बेडूकडोळी मोटार

इंग्लंडमधील एका लहानशा गावी रविवारची सकाळ उजाडली आहे. रात्रभर पडत असलेला पाऊस थांबला आहे आणि ढगांतून कोवळे ऊन डोकावू लागले आहे. एका घरापुढे दोन मोटारी उभ्या आहेत. एक नवी आहे. ती कळ दाबताच सुरू होते, थंडीत आतील माणसांना ऊब देते आणि पावसाचा थेंबही आत येऊ देत नाही. दुसरी साठ वर्षांहून अधिक जुनी, बुटकी आणि उघडी आहे. तिच्यात दोन माणसे जेमतेम मावतात आणि पाऊस आला तर ती दोन्ही थोडीफार भिजतात. परंतु घराचा मालक नव्या मोटारीकडे ढुंकूनही पाहत नाही. बाह्या सरसावून, हाती पाना घेऊन तो जुन्या मोटारीवर ओणवलेला आहे आणि त्याच्या मुद्रेवर विलक्षण समाधान आहे.

गैरसोयीच्या या मोटारीत असे काय आहे, की माणसाने आपला सुटीचा दिवस तिच्यापायी आनंदाने खर्चावा?

इंग्लंडमध्ये अशा लहान स्पोर्ट्‌स मोटारी अनेक झाल्या; पण त्यांतील सर्वांत मजेदार रूप ‘ऑस्टिन-हीली स्प्राइट’ या मोटारीचे होय. मे १९५८ मध्ये माँटे कार्लो येथे ती प्रथम जगापुढे आली. तिचे दोन गोल दिवे पुढील बाजूस कडेला नसून थेट बॉनेटच्या माथ्यावर, वर आलेल्या डोळ्यांसारखे बसवलेले होते. त्यांच्या खाली जाळीचे रुंद, हसरे तोंड. तळ्यातून डोके वर काढणाऱ्या बेडकाची आठवण यावी असाच तो थाट! इंग्रज लोकांनी तिला लगेच ‘बेडूकडोळी’ म्हणण्यास सुरुवात केली आणि हे लाडके नावच पुढे रूढ झाले.

हे डोळे मुद्दाम गंमत म्हणून ठेवलेले नव्हते. आराखडा करणाऱ्यांच्या मनात असे होते, की दिवे दिवसा बॉनेटमध्ये आडवे मिटून राहावेत आणि रात्री वर उचलले जावेत. परंतु त्यासाठी लागणाऱ्या यंत्रणेचा खर्च फार होता. म्हणून दिवे कायमचे उभेच ठेवण्यात आले. अशा रीतीने काटकसरीतून या मोटारीला तिचा चेहरा लाभला.

काटकसर करण्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. वेगवान मोटारी या पूर्वी बहुधा श्रीमंतांच्याच हौसेच्या वस्तू असत. ऑक्सफर्ड येथील ‘मॉरिस गॅरेजेस’चे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी या समजुतीला धक्का दिला. मॉरिस मायनर या साध्या मोटारीची यंत्रसामग्री घेऊन त्यांनी १९२८ मध्ये एक चिमुकली, देखणी मोटार लोकांपुढे ठेवली. ‘मॉरिस गॅरेजेस’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘एम. जी.’ आणि आकारावरून ‘मिजेट’, म्हणजे ठेंगणी, म्हणून प्रसिद्ध झाली. तिची किंमत १७५ पौंड होती. सामान्य उत्पन्नाच्या तरुणालाही तिचे स्वप्न पाहता येऊ लागले.

पुढे दुसरे महायुद्ध आले व गेले. मोटारी महागल्या आणि आकारानेही वाढल्या. तेव्हा ऑस्टिन कारखान्याचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड आणि मोटारींचे कुशल रचनाकार डोनल्ड हीली यांच्या मनात पुन्हा किंबर यांचाच विचार आला: तरुणांना परवडेल अशी छोटी मोटार का करू नये? हीली हे स्वतः नामांकित चालक होते. १९३१ मध्ये माँटे कार्लोची खडतर शर्यत त्यांनी जिंकली होती. त्यांनी इंजिन घेतले ते ऑस्टिनच्या साध्या घरगुती मोटारीचे, अवघ्या ९४८ घन सेंटिमीटरचे. चाकांना वळवणारी यंत्रणा घेतली ती मॉरिस मायनरची. बाहेरून दार उघडण्यासाठी मूठ नव्हती. वरून आत हात घालून दार उघडावे लागे. मागे सामानाच्या कप्प्याला झाकणच नव्हते. आसनाची पाठ पुढे वाकवून आत रांगत जावे, तेव्हा कोठे जादा चाक हाती लागे. दाराला वर-खाली होणारी काच नव्हती. छप्पर कापडाचे होते आणि ते लावण्या-काढण्याचे काम मालकाचे होते.

एवढे सारे वगळल्यावर उरले काय? उरली ती सुमारे साडेतीन मीटर लांबीची आणि साडेसहाशे किलोग्रॅमच्या आसपास वजनाची एक हलकीफुलकी मोटार. येथेच तिच्या मोहिनीचे पहिले रहस्य आहे. जड वस्तूला हलवण्यास, थांबवण्यास किंवा वळवण्यास अधिक जोर लागतो. हलकी वस्तू थोडक्या जोराने वळते, हे विज्ञानाचा साधा नियम सांगतो. म्हणूनच स्प्राइटचे चक्र किंचित फिरवले तरी ती चटकन वळते. चालकाच्या मनात यावे आणि मोटारीने ते करावे, असा अनुभव येतो.

तिचा कमाल वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर होता. आजची साधी प्रवासी मोटारही याहून वेगाने धावू शकते. तथापि वेग असणे आणि वेग जाणवणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. आगगाडीच्या डब्यात बसून ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना एखाद्याला झोप लागते. पण सायकलवरून उतार उतरताना ताशी ३० किलोमीटर वेगानेही त्याचे काळीज उडते, कारण तेथे वारा तोंडावर येतो, रस्ता पायांखालून पळताना दिसतो आणि खडीचा प्रत्येक खडा हाताला कळतो. स्प्राइटमधील माणूस असाच जमिनीलगत आणि उघड्यावर बसतो. कापलेल्या गवताचा गंध, ओल्या मातीचा वास, इंजिनाचा बदलता सूर हे सारे त्याच्यापर्यंत पोहोचते. मर्यादित वेगातही प्रवासाचा भरपूर आनंद मिळतो, तो यामुळेच.

दुसरे रहस्य याहून खोल आहे. बॉनेट उघडू लागताच स्प्राइटचा पुढील सगळा भाग, दिव्यांसह आणि चाकांवरील पत्र्यांसह, मगरीच्या जबड्यासारखा वर उचलला जातो. आतील यंत्र पूर्णपणे नजरेपुढे येते. लपलेले असे फारसे काही उरत नाही. थोड्या अभ्यासाने प्रत्येक भागाचे काम समजते आणि साध्या हत्यारांनी ते दुरुस्तही करता येते.

कार्ब्युरेटरचेच उदाहरण घ्यावे. पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण करून ते इंजिनाला पुरवणे हे कार्ब्युरेटरचे काम असते. स्प्राइटला असे दोन कार्ब्युरेटर असतात आणि दोघांनीही सारखीच हवा ओढली पाहिजे. ती सारखी आहे की नाही, हे पाहण्याची जुनी युक्ती मोठी गमतीची आहे. एका रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरतात. आत शिरणाऱ्या हवेचा सूत्कार ऐकू येतो. मग तीच नळी दुसऱ्या कार्ब्युरेटरशी नेतात. दोन आवाजांत फरक वाटला, तर स्क्रू किंचित फिरवतात आणि पुन्हा ऐकतात. गवई तंबोऱ्याच्या तारा जुळवतो, तसेच हे काम कान देऊन करावे लागते. सूर जुळला की इंजिनाची धडधड थांबते आणि ते एकसारखे गुणगुणू लागते.

इंजिनाच्या झडपांचेही तसेच आहे. झडपेचे टोक आणि तिला दाबणारी दांडी यांमध्ये इंचाच्या केवळ १२ सहस्रांश एवढी फट असावी लागते. पोलादाची पातळ पट्टी त्या फटीत सरकवून ती मोजतात. फट कमी झाली तर झडप नीट मिटत नाही, अधिक झाली तर खडखड आवाज येतो. दर हजार मैलांनी चाकांच्या सांध्यांना वंगणही द्यावे लागते. आजच्या मोटारीत अशी पुष्कळशी कामे संगणकाच्या हाती सोपवलेली असतात. त्यामुळे मोटार अधिक भरवशाची झाली, यात संशय नाही. परंतु तिच्या अंतरंगाशी मालकाची ओळख मात्र होईनाशी झाली.

स्प्राइटची भावंडे पुष्कळ होती आणि त्यांतील काहींचे नाते भारतापर्यंत पोहोचते. १९५५ मध्ये निघालेल्या ‘एम. जी. ए.’ या देखण्या मोटारीत १४८९ घन सेंटिमीटरचे जे इंजिन होते, त्याच घराण्याचे आणि त्याच मापाचे इंजिन भारतातील अँबॅसडर मोटारीने अनेक वर्षे वागवले. ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही १९६२ ची मोटार ‘हेरल्ड’ या मोटारीच्या सांगाड्यावर बेतलेली होती. हीच हेरल्ड १९६१ पासून मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने तयार होऊ लागली होती. हौसेची मोटार आणि कुटुंबाची मोटार या एकाच कुळातील, एवढे यावरून ध्यानात येते.

या मोटारींत दोषही होते आणि ते लपवण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते मीठ आणि पाणी मोटारीच्या खालच्या पत्र्यांत शिरून गंज चढे. स्प्राइटला वेगळा सांगाडा नव्हता. पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा होता. त्यामुळे दारांखालचा पत्रा गंजला, की सगळी मोटारच दुबळी होई. अशा किती तरी मोटारी मोडीत गेल्या. बेडूकडोळ्या स्प्राइटचे उत्पादन १९६१ मध्ये संपले. तोवर सुमारे ४९ हजार मोटारी तयार झाल्या होत्या. ज्या ॲबिंग्डन गावच्या एम. जी. कारखान्यात त्यांची जुळणी होत असे, तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. ज्या हातांना ते काम येत होते, ते हात इतरत्र पांगले. कारखाना गेला, कामगार गेले. आता मोटारीही हळूहळू नाहीशा होणार, असेच कोणालाही वाटले असते.

परंतु तसे घडले नाही. मालकांनीच कारागिरांची जागा घेतली. एम. जी. मोटारींच्या चाहत्यांचे मंडळ १९३० पासून काम करीत होते. अशा मंडळांतून जाणती माणसे नवशिक्यांना शिकवू लागली. जुन्या मोटारींचे सुटे भाग मिळत राहावेत म्हणून ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ ही संस्था १९७५ मध्ये स्थापन झाली होती. पत्रे ठोकण्याचे मूळ साचे मिळवून या संस्थेने १९८८ पासून ‘एम. जी. बी.’ मोटारीची संपूर्ण नवी काया बनवण्यास आरंभ केला. स्प्राइटच्या इंजिनाचे घराणे तर १९५१ पासून २००० पर्यंत निरनिराळ्या मोटारींत वापरात राहिले. त्यामुळे त्याचे भाग मिळण्यास फारशी अडचण पडली नाही. ब्रिटिश सरकारनेही चाळीस वर्षांहून जुन्या मोटारींना रस्त्याचा कर माफ केला आहे.

अर्थात अशी मोटार रोजच्या कामाला योग्य नव्हे. तिचा पत्रा पातळ आहे, अपघातात रक्षण करणारी आजची साधने तिच्यात नाहीत आणि तिचा धूरही स्वच्छ नाही. तिचे सुज्ञ मालक हे जाणून असतात. म्हणूनच ते तिला निवडक दिवशी, शांत रस्त्यावर, सांभाळून चालवतात. आजीने जपलेली पैठणी जशी रोज नेसायची नसते, तशीच ही मोटार.

रविवारच्या सकाळी अंगणात ओणवलेल्या त्या गृहस्थाकडे आता पुन्हा पाहावे. त्याच्या शेजारी त्याची बारा वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली आहे. तो तिच्या कानाशी रबरी नळी धरतो. ती लक्षपूर्वक ऐकते आणि म्हणते, “डावीकडचा आवाज मोठा आहे.” तो तिच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर देतो. ती अगदी थोडेसे फिरवते, पुन्हा ऐकते आणि मान डोलावते. इंजिन संथपणे गुणगुणू लागते.

ॲबिंग्डनच्या कारखान्याची दारे मिटली, तरी तेथील विद्या अशी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली आहे. वस्तू विकत घेतली की ती ताब्यात येते. पण तिचे अंतरंग ओळखून, तिची निगा राखून, वेळप्रसंगी तिच्यासाठी हात काळे केले म्हणजेच ती खऱ्या अर्थाने आपली होते. यासाठी मोटारच असली पाहिजे असे नाही. ज्या मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या सायकलची साखळी काढून, पुसून, तेल घालून पुन्हा बसवली असेल, त्याला किंवा तिला त्या इंग्रज गृहस्थाच्या मुद्रेवरील समाधानाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.