पेशींची वांटणी आणि स्तनाचा कर्करोग

श्रीकाळभैरवनाथाच्या देवस्थानामुळें प्रसिद्ध असलेलें सोनारी हें गांव परांडा तालुक्यांत मोडतें. १९८७ सालीं बार्शी येथें भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेंत बार्शी व भूम यांजबरोबर परांडा तालुकाही आला. नोंदणीचीं माणसें खेडोपाडीं हिंडून चौकशी करूं लागलीं आणि पदराआड दडविलेल्या गांठींचीही गणती होऊं लागली. गांठ दुखत नाहीं, म्हणून बाई बोलत नाहीं. आणि स्तनांतील ही गांठ आरंभीं बहुधा दुखतच नाहीं.

ती उद्भवते कशी? मनुष्यशरीरांतील बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रें असतात. पेशी दुभंगण्यापूर्वीं प्रत्येकाची हुबेहूब नक्कल तयार होते. मग दोन तारकाकेंद्रें पेशीच्या दोन टोकांस जातात, मध्यें चातीच्या आकाराचें तंतूंचें जाळें विणलें जातें आणि प्रत्येक जोडीस दोन्ही बाजूंचे तंतु धरतात. एक जरी जोडी सुटी राहिली, तरी ओढ सुरू होत नाहीं. असा चोख पहारेकरी घरगुती वांटणींत लाभता, तर दिवाणी कोर्टांस पुष्कळच उसंत मिळाली असती!

स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक पेशींत मात्र तारकाकेंद्रें दोहोंहून अधिक आढळतात. तंतु तीन-चार दिशांनीं ओढूं लागले, कीं वांटणीचा पुरता विचका होतो व अशा बहुतेक पेशी मरतात. खरा धोका त्या मेलेल्यांचा नव्हे. ज्या पेशी जादा केंद्रें दोन टोळक्यांत गोळा करून विभाजन कसेंबसें उरकतात, त्या जगतात. पण एखाद्या नकलेस दोन्हीकडचे तंतु चिकटल्यामुळें ती मागें रेंगाळते व भलतीकडे जाते. एका कन्यापेशीस ४७ गुणसूत्रें, दुसरीस ४५. अशा चुका सांचत गेल्या, कीं कोठें वाढीस चेतविणारें जनुक जादा होतें, कोठें आवर घालणारें हरवतें. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यानें १९१४ सालींच असें अनुमान मांडलें होतें.

१७ व्या गुणसूत्रावरील बीआरसीए-१ हें जनुक तुटलेल्या सूत्रांची डागडुजी करतें व तारकाकेंद्रांची संख्याही ताब्यांत ठेवतें. तें जन्मतःच सदोष असलेल्या स्त्रियांस हा रोग होण्याचा संभव फार वाढतो. पण अशीं घराणीं थोडीं. बहुतेकींच्या बाबतींत बिघाड मागाहून होतो, आणि त्यास शाप किंवा स्पर्श कारण नसतो.

याच वांटणीवर औषधेंही घाला घालतात. अंगणांतील सदाफुलींतील द्रव्यें तंतु बनूंच देत नाहींत. त्यांपासून तयार केलेलें व्हिनोरेल्बिन या रोगावर दिलें जातें. (पानें मात्र कोणीं चघळूं नयेत, तीं विषारी आहेत.) केसांच्या मुळांतील पेशीही भराभर दुभंगतात, म्हणून असल्या औषधांनीं केस गळतात.

गांठ लहान असतां हातीं लागली, तर उपचार सोपा पडतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून सुमारें दीड लाख स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील निम्म्या स्त्रियांची तपासणी आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं केवळ हातानें करीत. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तपासल्या गेलेल्यांपैकीं पन्नाशी गांठलेल्या स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ ३० टक्क्यांनीं घटले होते.