तान्हें मूल आणि पाणी

गेल्या वैशाखांत मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीनें आम्ही भोकरास उतरलों व वडील भगिनीचे घरीं चार दिवस राहिलों. नातू अकरा महिन्यांचा. रांगून सारें घर पालथें घालणारा. पहिल्याच सायंकाळीं सूनबाईंनीं हातांतील फोन आमच्यापुढें धरला. परदेशांतील कोण्या तलावांत सहा महिन्यांचें मूल पाण्याखालीं डोळे उघडे ठेवून सरकत होतें. "मामा, नांदेडला बाळाला पोहायला नेऊं का? आतांपासून शिकवलं तर पुढें पाण्याचं भय राहणार नाहीं ना?" भगिनी आंतूनच उत्तरली, "अगं, रोज माझ्या पायांवर पोहतोच आहे कीं तो!"

दोघींचेंही म्हणणें थट्टेवारी नेण्याजोगें नव्हतें. आपल्याकडील न्हाणें हा पाण्याशीं जडणारा पहिला स्नेहच होय. न्हाणीघरांत पाय पसरून बसलेली आजी, तिच्या पायांवर पालथें घातलेलें बाळ, तेलाचा हात, मग कपाळावर आडवा तळहात धरून डोक्यावरून हलकेंच सोडलेलें ऊन पाणी. तें तोंडावर ओघळलें कीं बाळ क्षणभर श्वास रोखतें. हा गुण त्याला कोणीं शिकविलेला नसतो. तो उपजत असून सहाएक महिन्यांनंतर ओसरूं लागतो. परदेशी चित्रांतील मूल पोहतें असें जें आपणांस वाटतें, तें बह्वंशीं ह्या उपजत गुणाचेंच फळ. तोंड वर काढून श्वास घेणें त्या मुलास साधत नाहीं, मग त्यास पोहणें कसें म्हणावें?

लाभ कांहींच नाहीं असें मात्र नव्हे. नॉर्वेंतील ट्रॉन्डहाइम येथील हेरमुंडुर सिग्मुंडसन व इंग्लंडांतील ब्रायन हॉपकिन्स ह्यांनीं २०१० सालीं एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. तान्हेपणीं पाण्यांत व्यायाम केलेलीं १९ मुलें व न केलेलीं १९ मुलें पुढें मोठीं झाल्यावर तपासलीं, तों पहिल्या मुलांची तोल सांभाळण्याची व वस्तु पकडण्याची शक्ति अधिक चांगली आढळली. ३८ मुलांवरून साऱ्या जगाचा निवाडा करावा असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु आईबापांच्या हातीं, ऊन पाण्यांत घटकाभर हातपाय मारणारें मूल आनंदी असतें, हें सांगण्यास शास्त्रज्ञ कशाला हवा?

बुडण्यापासून रक्षणाचा प्रश्न निराळा. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१९ सालीं असें सांगितलें कीं, वर्ष उलटल्यावर बऱ्याच मुलांस पोहण्याचें शिक्षण देण्यास हरकत नाहीं, व त्यानें बुडण्याचा धोका कमी होऊं शकतो. वर्षाच्या आंतील मुलास त्यानें संरक्षण मिळतें असा पुरावा मात्र नाहीं. शिवाय तान्ह्याचें अंग लवकर गार पडतें, आणि पोटांत फार पाणी गेल्यास रक्तांतील क्षाराचें प्रमाण उतरून झटकेहि येऊं शकतात.

हें सारें आम्हीं रात्रीं सूनबाईंना समजावून सांगितलें आणि स्वतःवर संतुष्ट होऊन झोंपलों.

दुसऱ्या सकाळीं नळाला पाणी आलें. उन्हाळ्यांत तें रोज येईलच असें नसतें; म्हणून आलें म्हणजे हौद, पिंपें, बादल्या, घंगाळसुद्धां भरून ठेवावें लागतें. बायका त्या गडबडींत. बाळ आमच्या स्वाधीन. आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होतों. मान वर केली तों बाळ नाहीं! न्हाणीघरांतील अर्ध्या भरलेल्या बादलीचा कांठ धरून तें उभें राहिलें होतें, आणि आम्ही पोहोंचेपर्यंत डोकें आंत व पाय वर. ओरडणें नाहीं, पाण्याचा खळखळाट नाहीं. उचललें तेव्हां तें खोकलें, मग रडलें. डॉक्टरांनीं तपासून, दिवसभर लक्ष ठेवण्यास सांगून घरीं पाठविलें. भगिनी आम्हांला एक शब्दहि बोलली नाहीं, हेंच अधिक लागलें.

ह्या वयांत मुलाचें डोकें शरीराच्या मानानें जड असतें. एकदां तोल गेला कीं स्वतःस मागें ओढण्याचें बळ दंडांत नसतें. चार बोटें पाणीहि पुरतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ३,००,००० माणसें बुडून दगावलीं, आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील मुलांचा होता. बांगलादेशांतील खेड्यांत ह्यावर जो उपाय योजला गेला तो आम्हांस फार पसंत आहे. आया कामांत असतात त्या वेळीं लहान मुलें गांवांतीलच एखाद्या बाईच्या देखरेखीखालीं एकत्र ठेवतात. पोहणें शिकवितात तें चार वर्षांनंतर, तळ्यांत बांबूंचा मंच बांधून. आपल्या विहिरीवरील जुनी रीत तरी ह्याहून फार निराळी कोठें होती? पाठीला वाळलेला भोपळा बांधून, शेजारीं काका किंवा मामा पोहत असतांना, मूल पाण्यांत उतरे तें कळत्या वयांतच.

दुपारीं आम्ही सुताराकडे जाऊन हौदासाठीं फळ्यांचें झांकण सांगून आलों. पिंपांचीं झांकणें माळ्यावर धूळ खात पडलीं होतीं, तीं काढून धुतलीं. न्हाणीघराच्या दाराला वरच्या अंगास कडी बसविली. नांदेडचा बेत सूनबाईंनीं पुढील वर्षावर टाकला आहे. आजीच्या पायांवरचें पोहणें पूर्वीप्रमाणेंच चालूं आहे. मात्र शेवटचा तांब्या झाला कीं भगिनी सूनबाईंना हांक मारते, आणि बादली पालथी झाल्यावांचून बाळाला खालीं ठेवीत नाहीं.