खांडबाऱ्याच्या आसपासची सैर आणि आपली तिजारत

कापडाच्या खरेदीसाठी आम्ही गेली तीस वर्षे खांडबाऱ्याहून सुरतेला जात आहोत. गाडीत बसलो की डोक्यात फक्त भाव, वटाव आणि उधारीचा हिशोब. खिडकीबाहेर हिरवेगार डोंगर सरकत असत, पण ते आम्ही कधी नीट पाहिले नाहीत. घरची मुले सुट्टीत महाबळेश्वर किंवा माउंट अबूचे नाव काढत. "आपल्या भागात पाहण्यासारखे आहे काय?" असे आम्हीही म्हणत असू. कुराणशरीफमध्ये जमिनीवर हिंडून पाहण्याची ताकीद आहे. ती आम्ही लांबच्या सफरीपुरतीच समजून बसलो होतो.

एका पावसातला धडा

मागच्या पावसाळ्यात दुकानातल्या नोकर माणसांना घेऊन आम्ही विसरवाडीमार्गे कोंडाईबारी घाटाच्या बाजूला निघालो. आडवाटेवर जीप चिखलात रुतली. पाऊस थांबेना. इतक्यात छत्री घेतलेला एक माणूस आला आणि म्हणाला, "शेठ, तुम्ही इथे कसे?" तो आमचा जुना गिऱ्हाईक निघाला. त्याचे नाव आमच्या वहीत वीस वर्षांपासून आहे, पण त्याचे घर आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

त्याने पाड्यावरची चार मुले बोलावून जीप काढून दिली. घरात नेऊन बसवले. मग कोंबडी आणि सुरी आमच्यापुढे ठेवून म्हणाला, "तुमच्यात तुम्हीच कापता ना? कापा." आम्ही गहिवरलो. जेवणात भाकर होती आणि नवापूरची प्रसिद्ध तूरडाळ होती. पैसे देऊ केले तर त्याने हात जोडले.

बोलता बोलता कळले, की दिवाळीनंतर पाड्यावरची बहुतेक घरे बंद होतात. माणसे ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला जातात. दिवाळीनंतर आमच्या दुकानात जी मंदी येते, तिला आम्ही बाजाराचा दोष समजत होतो. गिऱ्हाईकच गावात नसते, हे त्या दिवशी समजले.

जवळची ठिकाणे

आपल्या जिल्ह्यात काय नाही? शहाद्याहून सातपुड्याचा घाट चढून गेले की तोरणमाळ लागते. उंची ११०० मीटरांहून अधिक. वर यशवंत तलाव आहे, सीताखाईची खोल दरी आहे. वाटेत प्रकाशे येथे तापी आणि गोमाईचा संगम दिसतो. शहादा तालुक्यात उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत. सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते. तिथला घोडेबाजार दूरदूरपर्यंत मशहूर आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी पाहायला हजारो लोक जमतात.

नवापूर स्टेशन तर आपल्या रोजच्या वाटेवर आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि राज्यांची सीमा या स्टेशनातूनच गेली. एकाच बाकावर अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत बसता येते.

कापडवाल्यांनी नंदुरबारची तवारीखही लक्षात ठेवावी. सुरत ते बुऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी वाटेवरचे हे शहर. इंग्रजांनी १६६६ मध्ये येथे वखार घातली होती. ज्या वाटेने आज आपण साड्यांचे गठ्ठे आणतो, ती वाट आपल्या आधी अनेकांनी तुडवली आहे.

व्यापाराचा हिशोब

कोणी म्हणेल, व्यापाराच्या पानावर सहलीचे काय काम? काम आहे. दहा माणसे एका पाड्यावर गेली, जेवण तिथेच घेतले, वाट दाखवणाऱ्याला मजुरी दिली, डाळ आणि आमचूर तिथूनच विकत घेतले, तर तो पैसा गावात राहतो. त्यातला काही आठवडे बाजारात येतो आणि आपल्या गल्ल्यातही पडतो. एका सहलीने ऊसतोड थांबणार नाही, हे आम्हाला कबूल आहे. पण चार घरांना उन्हाळ्यापर्यंत रोजी मिळाली, तर चार कुटुंबांची मुले शाळेत राहतील. त्यातही बरकत आहे.

जाणाऱ्यांनी थोडी काळजी घ्यावी. पावसात नदीनाल्याचे पाणी पाहता पाहता चढते, पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये. प्लास्टिक परत आणावे. विचारल्याशिवाय कोणाच्या घराचे किंवा बायामाणसांचे फोटो काढू नयेत. पाहुणचाराचा मोबदला कोणी घेत नसेल, तर पुढच्या वेळी मुलांसाठी वह्या न्याव्यात.

त्या गिऱ्हाइकाची बाकी आम्ही माफ करू लागलो, तर तो रागावला. "उधारी वेगळी आणि जेवण वेगळे," म्हणाला आणि पोळ्याला येऊन पै न् पै चुकती केली. आता तो दुकानात आला की आम्ही आधी चहा सांगतो आणि पाड्यावरची खुशाली विचारतो. कापड त्यानंतर उलगडतो. इन्शाअल्लाह, येत्या पावसाळ्यात दुकानाची सहल पुन्हा त्याच पाड्यावर जाईल.