देव प्रकटण्याचं कॉल शीट

पोथीत राक्षस मारायला एक ओवी पुरते. देव गर्जना करतो, शस्त्र सोडतो, डोंगर दुभंगतो आणि पुढच्याच ओवीत आकाशातून फुलं पडतात. पोथी लिहिणाऱ्याला डोंगराचं भाडं द्यावं लागत नाही. मालिकावाल्याला मात्र हीच ओवी कॉल शीटमध्ये, म्हणजे दिवसभराच्या चित्रीकरणाच्या तक्त्यात, बसवावी लागते. डोंगर कुठला, तो दुभंगताना शेजारी कोण उभं राहणार, फुलं खरी की कापडी, आणि हे सगळं पॅकअपच्या आत कसं उरकायचं, याची उत्तरं आदल्या रात्रीच हवी असतात.

ही कसरत जवळून पाहिली ती पन्हाळ्यावर. पोथ्यांमधल्या कथांवर बेतलेल्या एका दैनंदिन मालिकेचं युनिट बाह्यचित्रणासाठी आलं होतं. मालिकेचं नाव आणि पुढचं कथानक लिहायचं नाही, या अटीवर मला त्यांच्यात बसू दिलं.

अशा मालिकांना हा तालुका नवा नाही. गडाच्या जवळच वाडी रत्नागिरी, म्हणजे जोतिबाचा डोंगर. रत्नासुराला मारून देव इथे स्थिरावला, ही कथा ‘केदारविजय’च्या आधाराने सांगणारे डोंगरावर पायरीपायरीला भेटतात. याच देवावरची ‘दख्खनचा राजा जोतिबा’ ही कोठारे व्हिजनची मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली. तिचा सेट कोल्हापूरच्या चित्रनगरीत होता. त्याआधी याच संस्थेची खंडोबावरची ‘जय मल्हार’ २०१४ ते २०१७ अशी तीन वर्षं झी मराठीवर चालली. पोथी आणि वाहिनी यांचं गणित जुळतं, हे तिथे सिद्ध झालं होतं.

जुळत नाही ते वेगाचं गणित. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं उरतात आणि आठवड्याला असे सहा भाग द्यायचे असतात. पोथीतला अख्खा अध्याय जसाच्या तसा घेतला तर दोन दिवसांत संपेल. मग कथाविस्तार करणारा लेखक पोथीत नसलेली माणसं जन्माला घालतो: राक्षसाची समंजस बायको, फितूर प्रधान, देवावर रुसलेलं एखादं पोर. पटकथाकार त्यांना भांडायला लावतो. संवादलेखक ठरवतो की ऋषी देवाला ‘आपण’ म्हणतील आणि भक्त मात्र ‘देवा, तू’ म्हणेल. तिघांच्या हातांतून उतरलेला कागद सहायक दिग्दर्शकांकडे येतो आणि तिथे पोथीची उरलीसुरली लय संपते. ते प्रत्येक प्रसंगाचे तुकडे पाडतात. या तुकड्यात माणसं किती, कपडे कोणते, बाहेर की आत, दिवस की रात्र, ग्राफिक्स लागणार का. शेवटच्या रकान्यात ‘होय’ आलं की निर्मितीकडचा माणूस सुस्कारा सोडतो. राक्षसाचा हात तुटून तिथे दोन नवे हात उगवतात, असं मूळ कागदावर होतं. त्याने पेन्सिलीने दोनाचा एक केला, मग तो एकही धुरात ढकलला. “हात उगवल्याचं बायकोच्या चेहऱ्यावर दाखवू,” तो म्हणाला. “ती दचकते छान.”

पन्हाळ्यावर पहाटे गाड्या लागल्या तेव्हा बघ्यांची निराशा झाली. देव आला नव्हता, राक्षसही नव्हता. एकही कलाकार न घेता युनिट गडावर आलं होतं, कारण त्यांना हव्या होत्या ‘प्लेट’, म्हणजे रिकाम्या पार्श्वभूमीचे शॉट. कडा, खालचं खोरं, त्यावरून सरकणारे ढग. कलाकार नंतर चित्रनगरीत हिरव्या कापडासमोर उभे राहणार आणि संगणकावर त्यांना या कड्यावर आणून ठेवणार. शेजारी घोडेवाला उभा होता. त्याला हे पटेना. “अवो, रिकामा डोंगर काय शूट करताय? आमी रोज बघतोय की,” तो म्हणाला. कॅमेरामनच्या सहायकाने हसून त्याला मॉनिटरसमोर बसवलं.

रिकामा डोंगर टिपणं हे सगळ्यांत काटेकोर काम निघालं. कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर, किती अंशात झुकलेला, लेन्स कोणती, किती वाजले, ऊन कुठल्या अंगाने येतंय, याची नोंद प्रत्येक शॉटनंतर वहीत होत होती. मग एक मुलगा करड्या रंगाचा चेंडू हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा. चेंडूच्या कुठल्या बाजूवर उजेड आणि कुठल्या बाजूवर सावली पडते, ते टिपून ठेवायचं. चित्रनगरीत देवाच्या गालावर दिवा त्याच अंगाने पाडायचा असतो. डोंगरावर ऊन डावीकडून आणि देवावर उजवीकडून आलं, तर काय चुकलं हे प्रेक्षकाला सांगता येत नाही. पण देव चिकटवलेला आहे हे त्याला लगेच कळतं.

कलाकारांना इथेच का आणत नाहीत, याचं उत्तर गडानेच दिलं. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना या वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला. चित्रीकरणाला परवानगी लागते. दगडाला खिळा ठोकणं, रंग लावणं, जाळ करणं हा प्रश्नच येत नाही. डोंगर दुभंगवायचा असेल तर तो स्वतः बांधावा लागतो. दुसरी अडचण हवेची. पन्हाळ्याचं धुकं पडद्यावर देखणं दिसतं, पण ते कुणाचं ऐकत नाही. समजा, एका कॅमेऱ्याने देवाचं वाक्य टिपलं तेव्हा मागे बुरूज होता. राक्षसाचं उत्तर टिपेपर्यंत बुरूज गेलेला. कापून जोडल्यावर दोघे दोन वेगळ्या दिवशी बोलताहेत असं वाटतं. त्यामुळे धुकं प्लेटमध्ये घ्यायचं आणि संवाद छपराखाली.

छप्पर म्हणजे मोरेवाडीची चित्रनगरी. तिथल्या फ्लोअरवर तीन भिंती आणि जमीन हिरव्या कापडाने मढवलेली होती. युनिटमध्ये त्याला नुसतं ‘क्रोमा’ म्हणतात. संगणक तेवढाच हिरवा रंग वेचून काढतो आणि तिथे पन्हाळ्याचा कडा बसवतो. यंत्राला हिरवा कुठला ते कळतं, कुणाचा ते कळत नाही. म्हणून या फ्लोअरवर पानाचा विडासुद्धा येऊ देत नाहीत. देवीचा प्रसंग आला तेव्हा खरी पंचाईत उभी राहिली. देवीला हिरवा शालू आणि हातभर हिरवा चुडा. क्रोमासमोर तिचे हात मनगटांपाशी तुटून मधून खोरं दिसलं असतं. चुडा बदलायला वेशभूषाकार ताई तयार नव्हत्या. “लाल बांगड्या घालून देवी उभी केली तर घराघरांतून फोन येतील,” त्या म्हणाल्या. शेवटी देवीचा चुडा तसाच राहिला आणि हिरवं कापड उतरवून सगळीकडे निळं चढवलं. त्यात अर्धी शिफ्ट गेली.

मुकुटाचंही तसंच. पितळी मुकुट जड आणि चकचकीत; त्यात सभोवतालचा हिरवा रंग उतरतो आणि देवाच्या डोक्याला भोकं पडतात. म्हणून फायबरचा मुकुट, त्यावर सोनेरी रंग आणि चमक मारणारा फवारा. विगच्या कडेचे मोकळे केस आणखी त्रासाचे. मेकअपदादा प्रत्येक टेकच्या आधी ते थुंकीच्या बोटाने बसवावेत तशा निगुतीने जेलने चापून बसवत होते. कपाळावरचं गंध मात्र ते स्वतः लावत नाहीत. ते युनिटमधल्या एका वयस्कर कामगाराकडून लावून घेतात, कारण भंडारा आणि गंध कुठे, किती आणि कुठल्या बोटाने, हे त्याला घरच्या रिवाजातून ठाऊक.

मला हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. राक्षसाच्या बाबतीत सगळे उदार होते. शिंगं थोडी वाकडी बसली, चालेल. त्वचेचा रंग कालच्यापेक्षा गडद झाला, धुरात खपेल. पण समईत वाती किती, आरतीचं ताट कुठल्या हातात, फेट्याचा शेमला कुठल्या बाजूला, यावर दहा-दहा मिनिटं काम थांबायचं. ईपींना, म्हणजे कार्यकारी निर्मात्यांना, विचारलं, तर ते म्हणाले, “राक्षस कुणी पाहिलाय? समई सगळ्यांनी पाहिलीय.”

कोल्हापूरला ही अक्कल जुनी आहे. बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा इथेच तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. पुढे १९३२ साली प्रभातने कोल्हापुरातच ‘माया मच्छिंद्र’ केला. योगी, स्त्रीराज्य, सगळा मायेचा खेळ. पण राणी झालेल्या दुर्गा खोट्यांच्या जवळ बसलेला चित्ता जिवंत होता. पडदे रंगवणाऱ्यांना नेमकं माहीत होतं की महाल कापडाचा चालतो, त्यात एखादी वस्तू मात्र खरी लागते.

आजच्या युनिटची ती वस्तू म्हणजे गुलाल. युद्ध संपल्यावर गावकरी गुलाल उधळतात, असा प्रसंग होता. तो क्रोमावर होत नाही. गुलालाचा लोट अर्धपारदर्शक असतो. मागचा हिरवा त्यातून झिरपतो आणि संगणकाला कुठे कापायचं ते उमजत नाही. संगणकावर काढलेला गुलालही असतो, पण चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्यांखाली उभा राहिलेला माणूस त्याला फसत नाही. खरा गुलाल जड असतो, खाली बसतो, घामावर चिकटतो, दातांत जातो. म्हणून हा एक प्रसंग गडाच्या पायथ्याच्या एका खासगी माळावर, उघड्यावर करायचं ठरलं.

उधळल्यावर रिटेक नाही. कपडे, विग, माती, सगळं गुलाबी होतं आणि पूर्ववत करायला उरलेला दिवस जातो. त्यामुळे तीन कॅमेरे एकदम लावले, प्रत्येकाला प्लॅस्टिकची टोपी घातली, वारा कुठून येतो ते उदबत्तीच्या धुराने तपासलं. गर्दीसाठी आसपासच्या गावांतली माणसं बोलावली होती, सोबत तालमीतली मर्दानी खेळ करणारी पोरं. सहायक दिग्दर्शक त्यांना समजावत होता: कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, मी हात खाली केला की उधळायचं. एका म्हाताऱ्या गुरवमामांनी त्याला मधेच थांबवलं. “असं खाली करून कोण उधळतं? वर बघायचं, शिखराकडं. आन् आधी चांगभलं म्हणायचं, मग हात सुटतो.” सहायक दिग्दर्शकाने इशारा बदलला. हात खाली करायचं सोडून त्याने स्वतःच आरोळी दिली. पुढची दोन-तीन मिनिटं कुणाला अभिनय करावा लागला नाही.

संध्याकाळी मॉनिटरवर तो प्रसंग सगळ्यांनी दाटीवाटीने पाहिला. गुरवमामांनी कथेबद्दल तक्रार केलीच. फितूर प्रधान पोथीत कुठे आहे, राक्षसाची बायको एवढी का रडते, असं बरंच. पण गुलालापाशी ते गप्प होते. “राक्षस कसा वाटला?” मी विचारलं. “त्यो कसा का असंना,” ते म्हणाले. “गुलाल आणिक पायजे हुता. यात्रंत मानूस दिसत न्हाई, हितं समदी दिसत्यात.”

ईपी मागे उभे होते. त्यांनी दुसऱ्या दिवशीचं कॉल शीट मागवलं. ग्राफिक्सच्या रकान्यात राक्षसाचे पाच शॉट होते, ते चार केले. साहित्याच्या रकान्यात गुलालाची पोती वाढवली, आणि सूचनांच्या रकान्यात लिहिलं की उधळण्याच्या वेळी गुरवमामांना दिग्दर्शकाशेजारी खुर्ची द्यावी.