पेमेंट ‘पेंडिंग’ दिसतंय? ॲप बंद केल्याने व्यवहार रद्द होत नाही!

खताच्या दुकानात क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवर चकरी फिरतच राहिली. अशा वेळी अनेक जण ॲप बंद करून पुन्हा पैसे पाठवतात आणि खात्यातून दोनदा रक्कम जाते. पिन टाकला की काम बँकांकडे गेलेलं असतं. ॲप बंद केलं तरी ते थांबत नाही. रद्द करायचं तर पिन टाकण्याआधीच.

नंतर ॲपची हिस्ट्री आणि खात्यातला बॅलन्स बघा. ‘पेंडिंग’ असेल तर थांबा, १२ अंकी यूपीआय नंबर जपून ठेवा. पैसे कटले, पण दुकानदाराला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ५ दिवसांत ते परत यायला हवेत. उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई मिळते.