सोडत, भावकी आणि सहावी कुळी

ग्रामपंचायतीच्या आरक्षणाची सोडत हा तासाभराचा कार्यक्रम असतो. शाळेतल्या एखाद्या मुलाला पुढे बोलावतात, तो बरणीत हात घालून चिठ्ठी काढतो, अधिकारी ती मोठ्याने वाचतात आणि मागच्या रांगेतले फोन सुरू होतात. ज्याने दोन वर्षे एकही साखरपुडा चुकवला नाही, क्रिकेटच्या स्पर्धांना टी-शर्ट वाटले, नेमका त्याचा प्रभाग ‘महिला राखीव’ निघतो. संध्याकाळी भावकी बसते. ‘मग वहिनींना उभं करू,’ असं ठरतं. वहिनींना हे बहुतेक वेळा जेवणं वाढताना कळतं.

बायका राजकारणात किती आल्या, हे आपण मोजत राहतो. त्यांना आणतं कोण आणि बाजूला कोण सारतं, याकडे मात्र कमी लक्ष जातं. ते पाहायचं तर करंजाडे ही चांगली जागा आहे.

पनवेलला गाढी नदीपलीकडे लागून असलेलं हे गाव आता सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा, नोडही आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली. तिच्यात खारघर, कामोठे, कळंबोली गेली, आजूबाजूची गावं गेली, करंजाडे बाहेर राहिलं. त्यामुळे सात-सात मजली इमारती, सेक्टर, दुकानांच्या रांगा आणि कारभार ग्रामपंचायतीचा, असा हा प्रकार आहे. जुन्या गावठाणात पिढ्यान्‌पिढ्यांची घरं, शेजारी विमानतळासाठी उठवलेल्या गावांतल्या कुटुंबांचे भूखंड आणि मधल्या इमारतींत सातारा, सोलापूर, खानदेशापासून उत्तर प्रदेशापर्यंतचे भाडेकरू आणि मालक. गावठाणातल्या बाईला सासरची भावकी आहे. सेक्टरमधल्या बाईला इथे भावकीच नाही, आणि तिचं मतदार यादीतलं नाव अजून गावाकडेच असण्याची शक्यता बरीच.

इथल्या राजकारणाचा पाया जमीन आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उठले, पाच जण गोळीबारात गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. विमानतळग्रस्तांसाठी पुढे ते साडेबावीसवर गेलं. भूखंड सातबाऱ्यावरच्या खातेदाराला मिळतो, आणि सातबाऱ्यावर नावं असतात बापाची, भावांची. लेकीचा वारसाहक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्यात आणला. तरी भावाच्या दारात ‘माहेर तुटायला नको’ म्हणून हक्कसोड पत्रावर सही करणाऱ्या बहिणी इकडे घरोघरी सापडतील. भूखंडातून बिल्डर, बिल्डरमधून कंत्राट, कंत्राटातून निवडणुकीचा खर्च अशी ही साखळी आहे. बाईचं नाव तिच्यात पहिल्या कडीपासूनच नसतं. मग पाच वर्षांनी चिठ्ठीतून खुर्ची मिळाली तरी तिच्यामागचा पैसा तिचा नसतो, आणि पैसा ज्याचा त्याचा शब्द चालतो. ‘सरपंचपती’ म्हणून आपण हसतो, पण बायका भोळ्या म्हणून तो तयार होत नाही. हिशेब त्याच्या हातात असतो म्हणून होतो.

सेक्टरमधल्या बाईची वाट निराळी. गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीत कायद्याने दोन जागा महिलांच्या असतात. सुरुवातीला त्या नावापुरत्याच भरतात. पण टँकरची बिलं, लिफ्टचा करार, थकबाकीदारांची यादी यांच्याशी दोन वर्षं झटलेली बाई ताळेबंद वाचायला शिकते. करंजाड्यात पाण्याची तक्रार जुनी आहे, आणि पाण्यासाठी मोर्चा निघाला की हंडे घेऊन पुढे बायकाच असतात. मोर्च्यात पुढे आणि पॅनेलच्या यादीत शेवटी, ही आपल्याकडची जुनी विभागणी आहे.

शिवाय करंजाड्याची खुर्ची मिळवूनही हातात किती येतं, तेही पाहायला हवं. भूखंड, मोठे रस्ते, पाण्याचं नियोजन यांत शब्द सिडकोचा. सिडकोच्या संचालक मंडळावर शासन नेमणुका करतं. तिथे सोडत नाही, चिठ्ठी नाही, निम्म्या जागा राखीव नाहीत. सरपंचबाईंच्या दारात हंडा घेऊन आलेल्या बाईला हे समजावून सांगणं अवघड, कारण तिने मत दिलेलं असतं सरपंचाला.

आता थोडं लांब जाऊ. सोमालिया म्हटलं की आपल्याला समुद्री चाचे आठवतात. उरण-पनवेलकडच्या, जहाजावर जाणाऱ्यांच्या घरांना तर फारच. पण भावकी आणि बाई यांचं गणित त्या देशाने जितकं उघड मांडलं, तितकं क्वचितच कुणी मांडलं असेल. तिथे संसदेच्या जागाच कुळींमध्ये वाटलेल्या असतात. चार मोठ्या कुळींना प्रत्येकी एक वाटा, उरलेल्या सगळ्या लहान गटांना मिळून अर्धा, म्हणून त्या पद्धतीला ‘साडेचार’च म्हणतात. कुळी बापाकडून मिळते. लग्न दुसऱ्या कुळीत झालं की माहेरचे म्हणतात तू तिकडची, सासरचे म्हणतात तू तिकडून आलेली. आशा हाजी एल्मी यांनी यादवी युद्धात हे स्वतः भोगलं. माहेरची आणि नवऱ्याची कुळी एकमेकींविरुद्ध लढत होत्या. २००० साली जिबूतीतल्या आर्ता इथे शांतता परिषद भरली, पाच गटांची शिष्टमंडळं बसली. तेव्हा बायकांनी जाहीर केलं: आम्ही सहावी कुळी. कुणाच्याही वतीने नव्हे, बायका म्हणून बसणार. त्यांना २४५ पैकी २५ जागा मिळाल्या.

ही चाल मला फार हुशारीची वाटते. भावकी मोडायला त्या गेल्या नाहीत. भावकीची भाषा घेऊनच त्यांनी आपली एक उभी केली.

पुढची हकीकत इतकी उजळ नाही. तीस टक्के जागा महिलांना देण्याचं ठरलं, उमेदवारीची फी त्यांच्यासाठी निम्मी केली. २०१६ मध्ये खालच्या सभागृहात महिला सुमारे चोवीस टक्क्यांपर्यंत गेल्या. २०२१-२२ च्या फेरीत २७५ पैकी ५४ वर, म्हणजे वीस टक्क्यांच्या आसपास, घसरल्या. त्याच २०२२ मध्ये सादिया यासीन समतर संसदेच्या पहिल्या महिला उपसभापती झाल्या, आणि फौजिया युसूफ हाजी आदान राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. म्हणजे माणसं नव्हती असं नाही. कोटा कराराचा होता, कायद्याचं कुलूप त्याला नव्हतं. जागा कुळीची, मतदार प्रतिनिधी निवडणारे कुळीचे वडीलधारे, मग ‘या वेळी आमच्या जागेवर पुरुषच’ म्हणायला त्यांना कोण अडवणार? शेजारच्या सोमालीलँडमध्ये तर थेट मतदान होतं. २०२१ मध्ये तिथे ८२ जागांसाठी १३ बायका उभ्या राहिल्या आणि एकही निवडून आली नाही. तिथे राखीव जागाच नव्हत्या.

आपल्याकडे कुलूप आहे, आणि ते आपोआप लागलेलं नाही. बारामती तालुक्यातल्या निंबुतने १९६३ मध्येच सगळ्या बायकांची ग्रामपंचायत करून पाहिली होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेने चांदवडला भरवलेल्या महिला अधिवेशनाला प्रचंड गर्दी झाली, बायकांनी पंचायतीच्या निवडणुका लढवायचं ठरवलं, आणि १९८९ मध्ये जळगावातल्या विटनेरसारख्या गावांत महिला पॅनेल निवडून आली. विटनेरमधल्या पुरुषांनी पुढे संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत बायकांच्या नावे जमीनही केली. सातबारा आणि सरपंचपद यांचं नातं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. १९९० मध्ये राज्याने तीस टक्के आरक्षण दिलं, ७३व्या घटनादुरुस्तीने ते एक तृतीयांश झालं, २०११ मध्ये महाराष्ट्राने निम्म्यावर नेलं. राखीव पदावरच्या महिला सरपंचाविरुद्धचा अविश्वास ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात. भावकीचा हात ओळखूनच लिहिलेलं कलम आहे ते.

तरी कुलपाला बनावट चाव्या लावल्या जातातच. अपात्रतेचा अर्ज, ‘अतिक्रमित जागेत राहते’ हा आरोप, दप्तरातली त्रुटी. जळगावातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना असं काढून टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांना पद परत दिलं, आणि बाई सरपंच आहे हेच गावाला पचत नसल्याचं नोंदवलं. आपल्या रायगडात रोह्याजवळच्या ऐनघरच्या सरपंचबाईंचं प्रकरणही २०२५ मध्ये दिल्लीपर्यंत गेलं, आणि त्यांचंही पद राहिलं. एका ग्रामपंचायतीच्या खुर्चीसाठी सर्वोच्च न्यायालयात जाण्याइतकी चिकाटी किती जणींकडे असेल, आणि वकिलाची फी कुठून येईल, हे मात्र निकालपत्रात लिहिलेलं नसतं.

माझ्या मते कुलपातली खरी फट वेगळीच आहे: फिरतं आरक्षण. पाच वर्षांत बाई ग्रामसभेत उभं राहून बोलायला शिकते, ग्रामसेवकाबरोबर चेकवर सही करण्याआधी वाचायला शिकते, पंचायत समितीत कुणाला गाठायचं ते कळतं. तोवर प्रभाग खुला होतो. कायद्यात ‘खुला’ म्हणजे कुणीही, भावकीच्या बैठकीत ‘खुला’ म्हणजे आपला मुलगा. तिचं शिक्षण वाया जातं आणि शेजारच्या प्रभागात नवी वहिनी पहिलीपासून सुरुवात करते. निम्म्या जागांवर बायका दिसत राहतात, दुसऱ्यांदा निवडून आलेल्या मात्र विरळाच.

पनवेल महापालिकेने २०१७ मध्ये बायकांच्या राजकारणाची दोन टोकं दाखवली. ७८ नगरसेवकांतल्या निम्म्या जागा महिलांच्या, पहिल्या महापौर डॉ. कविता चौतमोल, उपमहापौर चारुशीला घरत. घरतबाई त्याआधी नगरपरिषदेच्या नगराध्यक्षा होत्या, म्हणजे अनुभव पुढे गेल्याचं दुर्मीळ उदाहरण. त्याच सभागृहात खारघरच्या लीना गरड भाजपच्या तिकिटावर आल्या. मालमत्ताकराच्या प्रश्नावर त्या आपल्याच पक्षाच्या विरोधात गेल्या, आणि २०२४ मध्ये शिवसेना ठाकरे गटाकडून विधानसभेला उभ्या राहिल्या. पडल्या. पण त्यांच्यामागे गावठाणाची भावकी नव्हती, कराची बिलं हातात घेतलेल्या सोसायट्या होत्या. पनवेलच्या राजकारणात ही गोष्ट नवी आहे, आणि करंजाड्याच्या सेक्टरमधल्या कमिटीवाल्या बायकांनी ती पाहिली नसेल असं मला वाटत नाही.

पनवेल मतदारसंघातून आजवर एकही महिला आमदार झालेली नाही. जिल्ह्यात अलिबागहून मीनाक्षी पाटील, श्रीवर्धनहून आदिती तटकरे निवडून आल्या, मंत्री झाल्या. दोघींनाही राजकारण घरातूनच मिळालं. २८८ जणांच्या विधानसभेत आज महिला पंचवीसच्या आतच आहेत. २०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीप्रमाणे जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाली की एक तृतीयांश जागा राखीव होतील, आणि त्याही फिरत्या. उद्या पनवेल राखीव निघालं तर तिकिटाची रांग कुठल्या कुठल्या घरांतून सुरू होईल, हे नावांसकट सांगणारे लोक पनवेलच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर आजच भेटतील. त्यांच्या यादीत सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव अजून नाही.